मी मोरीत पडले होते

माझा डावा पाय जन्मापासून आत वळलेला होता. तळवा पुरता टेकायचा नाही. मी पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालायचे आणि त्या कडेची कातडी टाचेसारखी जाड झाली होती. बाकी मला काही कमी नव्हतं. विहिरीवरून पाणी आणायचे, लावणीला चिखलात उतरायचे, दहावीपर्यंत शाळेत गेले.

बाबा पोस्टात होते. रोज चार वाड्या पायी फिरून टपाल वाटायचे. मला बघायला पाहुणे आले तेव्हा पोहे यायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं, "मुलीचा पाय वाकडा आहे. आधी नीट बघून घ्या, मग बाकीचं बोलू." आणि सगळ्यांसमोर मला ओटीवरून अंगणाच्या टोकापर्यंत चालायला लावलं. मी खाली मान घालून गेले आणि आले. पाहुणे गेल्यावर दोन दिवस बाबांशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तेच म्हणाले, "पाय काय चोरून आणलाय, लपवायला?"

मुलगा मुंबईजवळ पावणे गावात रंगाच्या कारखान्यात होता. कितीही धुतलं तरी त्याच्या नखांत निळं राहायचं. माझं चालणं बघून तो म्हणाला, "मला चालेल." कुणीतरी हसलं, मग त्याच्या लक्षात आलं आणि तो कानापर्यंत लाल झाला. मला तो तेव्हाच आवडला.

लग्नात बुद्धवंदनेच्या वेळी माझी पांढरी साडी जमिनीवर लोळत होती. नवऱ्याकडच्या एका बाईनं ती मुद्दाम लांब नेसवली होती. मला वाटलं, त्यांच्यात तशीच रीत असेल. लग्नानंतर महिनाभर मी सासरी गावाला राहिले. नवरा पावण्याहून सुट्टीला आला की म्हणायचा, मुंबईच्या मोठ्या सरकारी इस्पितळात वाकडे पाय सरळ करून देतात, मी नाव घालून ठेवलंय. मी हरखून गेले. नवीन लग्न झालेल्या बायकोसाठी एवढी धडपड कोण करतं? नंबर लागल्यावर एस.टी.तून उतरून आम्ही थेट इस्पितळातच गेलो. पायातली हाडं कापून, सरळ करून एकमेकांना जुळवली. तीन आठवड्यांनी गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर घालून मला टॅक्सीत बसवलं आणि खाडीचा पूल ओलांडून आम्ही त्याच्या कारखान्याजवळ, तुर्भ्याला आलो. माझा संसार तिथं सुरू झाला.

ऐंशीच्या पुढची ती वर्षं. तुर्भे गावात एका म्हातारीनं तीन खोल्या बांधून भाड्यानं दिल्या होत्या. तिची शेतं नव्या शहरासाठी गेली होती. त्यातली मधली खोली आमची. नवऱ्यानं मला टॅक्सीतून उचलून आत नेलं. शेजारच्या बाया दारात उभ्या राहून बघत होत्या. मी त्याच्या खांद्यात तोंड लपवलं.

तो पहिल्या पाळीला जायचा. जायच्या आधी भात-डाळ शिजवून, पाण्याची कळशी, वाटी-तांब्या माझ्या हाताशी ठेवायचा. मला मोरीत स्टुलावर बसवून, प्लॅस्टरला कारखान्यातली जाड पिशवी बांधून अंघोळ घालायचा. पहिल्या दिवशी मी लाजेनं डोळे मिटून घेतले तर म्हणाला, "मीही मिटतो, मग पाणी कुठं पडेल ते तूच बघ." वेणी घालायला शिकला. तीन पेडांऐवजी दोनाचाच पीळ व्हायचा, संध्याकाळपर्यंत सुटायचा. त्या पंधरा दिवसांत मी त्या माणसावर जेवढं प्रेम केलं तेवढं पुन्हा कधी मला जमलं नाही.

एक दिवस दुपारी घरमालकीण म्हातारी खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण घेऊन आली. माझ्यासमोर फतकल मारून बसली आणि प्लॅस्टरवर बोटानं टकटक केली.

"सासूच्या मोरीला शेवाल आला व्हता का गो?"

मला कळेना. "कसलं शेवाळ?"

"तुजा नवराच सांगत व्हता. नवी नवरी मोरीन परली न् पाय मोरला. माजी मोरी बघ, मी रोज घासतंय. हितं नाय परनार तू."

मोरीत पडून माझा पाय मोडला, असं त्यानं इथं सांगितलं होतं. मी खाली मान घातली. नव्या नवरीला लाज वाटली असेल असं समजून ती हसली आणि उठून गेली. कालवण तसंच निवत राहिलं. मग एकेक गोष्ट ध्यानात यायला लागली. जमिनीवर लोळणारी साडी. महिनाभर सासरी मला पाणवठ्यावर कुणी पाठवलं नव्हतं, नवीन आहेस, बस घरात, असं म्हणत. आणि मला तुर्भ्याला आणायची त्याला घाई नव्हती. आधी इस्पितळ, मग खोली. इथल्या एकाही माणसानं मला चालताना बघितलं नव्हतं. बघूच नये अशी सोय केलेली होती.

चार वाजता तो पाळीवरून आला. चहा ठेवला. मी विचारलं, "तुम्ही सगळ्यांना काय सांगितलंय?"

त्यानं स्टोव्हची ज्योत बारीक केली. "आता सरळच होणार ना पाय? मग आधी कसा होता ते कशाला कुणाला कळायला हवं?"

"बाबांनी तुमच्यापासून काही लपवलं नव्हतं."

"तुझ्या बाबांना कारखान्यात जायचं नाहीये," तो म्हणाला. "तिथं कुणाच्या बायकोवरून काय बोलतात ते तू ऐकलं नाहीस. तुला कुणी लंगडी म्हटलेलं मला सहन होणार नाही."

"मला म्हणतात. लहानपणापासून म्हणतात. मला होतं सहन."

चहा कपात ओतून त्यानं माझ्या हातात दिला, बशी पुसून दिली. मला त्याची कीव आली आणि त्याच वेळी असं वाटलं, की हा माणूस रोज मला उचलतो, न्हाऊ घालतो, पण ती मी नाहीच. मी उठल्यावर जी चालणार आहे, तिची तो सेवा करतोय. दुसऱ्या दिवशी त्यानं पाण्याची बादली भरली तेव्हा मी खरंच डोळे मिटून घेतले. या वेळी तो काही बोलला नाही.

पुढच्या आठवड्यात बाबा आले. पनवेलला उतरून, विचारत विचारत. पिशवीत तांदूळ, कुळथाचं पीठ आणि कागदात बांधलेली सुकट. दारातच उभे राहिले आणि प्लॅस्टरकडे बघत म्हणाले, "केवढं जड आहे गं हे." सुकटीच्या वासानं की माणसाच्या चाहुलीनं, म्हातारी लगेच आली.

"बापूस का? लांबून आलाव. पोरीचा नशीब बघा, हलद निंगली नाय न् मोरीन परली."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी प्लॅस्टरकडे बघत राहिले. माझा बाप तोंडावर खरं बोलून टाकणारा माणूस. टपाल उशिरा आलं तर कारण न सांगता "उशीर झाला" एवढंच म्हणणारा. मला वाटलं, आता हे बोलणार. आणि खरं सांगते, त्यांनी बोलावं असं मला फार वाटत होतं.

बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"हो," ते म्हणाले. "धांदरटच आहे ती. लहानपणापासून."

म्हातारी समाधानानं हसली, आणखी थोडा वेळ बसली, गेली. बाहेरून ट्रक गेला की पत्रे हलायचे.

"जावई मारत वगैरे नाहीत ना?"

"नाही हो बाबा."

"जेवायला?"

"तेच करून घालतात. अंघोळसुद्धा तेच घालतात."

बाबांनी मान हलवली. बराच विचार करून म्हणाले, "मग पडलीस तू मोरीत."

एवढंच. मग त्यांनी तांब्यातलं पाणी घेऊन पंच्याचं टोक भिजवलं आणि प्लॅस्टरमधून बाहेर आलेली माझी बोटं एकेक करून पुसली. बोटांच्या बेचक्यांत इस्पितळातलं पिवळं औषध अजून होतं, ते जाईना. चारच्या आत ते निघाले. जावयाची भेट घेऊन जा म्हटलं तर म्हणाले, "नको. माझ्या तोंडातून काहीतरी निघेल." मी खिडकीपर्यंतही जाऊ शकत नव्हते. त्यांच्या वहाणांचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत ऐकत राहिले.

तीन महिन्यांनी प्लॅस्टर कापलं. आतून निघालेला पाय पांढराफटक, बारीक आणि सरळ होता. कडेची जाड कातडी सोलून गेली होती. डॉक्टर खूश होते, नवरा तर त्यांच्या पायाच पडायला निघाला. मला रडू कोसळलं. त्यांना वाटलं, आनंदानं. मी बाबांना पत्र लिहिलं, आता तळवा पुरता टेकतो, थोडी सवय झाली की गावाला येऊन दाखवते. सवय व्हायला दोन महिने लागले. चालताना अजूनही पाय ओढायचा, पण सपाट रस्त्यावर फारसं कळायचं नाही. आम्ही जायचा दिवस ठरवला होता. त्याच्या पाच दिवस आधी तार आली. टपाल वाटून परत येताना बाबा वाटेतच बसले होते आणि बसल्या बसल्याच गेले.

आम्ही पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. एस.टी. थांबते तिथून आमचं घर वर आहे, जांभ्या दगडांची चढण. त्या वाटेनं मी वाकड्या पायानं डोक्यावर हंडा घेऊन चढलेय, हसत, बोलत. त्या दिवशी चार पावलांवर अडले. जुळवलेली हाडं इकडे-तिकडे कलत नाहीत. दगड तिरका आला की सगळा पाय तिरका व्हायचा आणि तोल जायचा. दोनदा पडले. नवरा खाली बसला, म्हणाला, "पाठीवर ये." मी नको म्हटलं. त्यानं ऐकलं नाही.

आमच्या वाडीतल्या बाया अंगणात बसल्या होत्या. मला उतरवल्यावर एक आजी माझा पाय न्याहाळत म्हणाली, "जावयानं पोरीचा पाय सरळ करून दिलान. पुण्य केलंत हो." नवरा मान खाली घालून उभा होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

आईनं मला आत नेलं. मला भिंतीला टेकवून बसवलं आणि पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. वरून खालपर्यंत हात फिरवला. टाक्यांच्या जागी थांबली.

"तुझे बाबा सांगत होते, जावई तुझं फार करतात म्हणून."

"हो."

"दुखतो का गं?"

"दुखतो," मी म्हटलं.