व्हॅनची बाजू मांडायला माणूस नेमताना

चँडलरसारख्या अमेरिकन गावात गाडी चालवता येत नसेल तर माणूस घरातच बसतो. आमच्या यांची किडनी निकामी होण्याच्या आधीच मी ड्राइव्ह करणं सोडलं होतं. फ्रीवेवर एकदा अगदी शेजारून ट्रक गेला आणि माझे हात स्टिअरिंगवर आखडले. कशीबशी कडेला थांबले. त्यानंतर चावी हातात घेतली तरी छाती धडधडायची. तेव्हा हे गाडी चालवायचे, म्हणून निभावलं. मग डायबेटिसने यांची नजर गेली, पाठोपाठ डायलिसिस सुरू झालं. मुलगी सिअ‍ॅटलला. आम्ही दोघं दाराशी येणाऱ्या एका व्हॅनच्या भरवशावर राहिलो.

ती व्हॅन आमच्या भागात बस चालवणाऱ्या सरकारी ट्रान्सपोर्टेशन एजन्सीची, अपंग आणि वयस्कर प्रवाशांसाठी. कायद्याने ही सोय बसच्या मार्गाजवळ राहणाऱ्यांनाच द्यावी लागते. आमचं घर त्या हद्दीच्या जरासं बाहेर, तरी एजन्सी आपणहून यायची. आपणहून दिलेलं कधीही काढून घेता येतं, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच मी प्रवाशांच्या समितीवर नाव दिलं होतं. बैठकीत बोलायचे मात्र कमी.

एका सकाळी एजन्सीच्या मॅनेजरबाईंचा फोन आला. सार्वजनिक वाहतुकीचे पैसे कापण्याचं बिल राज्याच्या विधिमंडळात येत होतं. तिथे आमदारांना भेटून एजन्सीची बाजू मांडायला कोणीतरी नेमायचं होतं. मुलाखती घेणाऱ्यांत एक प्रवासीही हवा होता.

"पण मी स्वतः व्हॅन वापरते," मी म्हटलं. "मी कशी चालेन?"

"वापरता म्हणूनच तर बोलावतोय," त्या म्हणाल्या.

मुलाखतींच्या दिवशी यांना डायलिसिसला सोडून त्याच व्हॅनने पुढे गेले. लांब टेबल, थंडगार खोली. मॅनेजरबाई, एजन्सीचा आणखी एक माणूस आणि मी एका बाजूला, उमेदवार समोर. शेवटी दोघांतच खरी निवड उरली.

पहिला हसतमुख गृहस्थ. सगळ्या आमदारांना तो नावाने ओळखत होता. माझी पाळी आली तेव्हा लिहून आणलेला प्रश्न मी मान खाली घालूनच वाचला. "हद्दीबाहेरच्या लोकांची व्हॅन चालू राहील का?"

"नक्की राहील. अजिबात काळजी करू नका," तो म्हणाला. खूप दिवसांनी मला हलकं वाटलं.

दुसरी एक किडकिडीत बाई, बसक्या आवाजाची. तोच प्रश्न मी तिला विचारला. तिने उलट मलाच विचारलं.

"तुम्ही हद्दीबाहेर राहता का?"

"हो. मिस्टरांचं डायलिसिस असतं."

"मग तुमच्याशी खोटं बोलत नाही. तडजोडीची वेळ आली तर समोरचे आधी तेच मागतील, कारण कायद्याने ते द्यावं लागत नाही. मी भांडेन. पण सगळं वाचेल असं मी सांगणार नाही. बाकीच्या बसेस टिकवायला त्यातलं काही सोडावं लागलं, तर सोडेन."

ही बाई आमची व्हॅन देऊन टाकेल, एवढंच डोक्यात फिरत होतं.

मार्क द्यायच्या आधी मी बाहेर जाऊन यांना फोन केला. मागे डायलिसिसच्या मशिनची पीं-पीं ऐकू येत होती. मी सगळं सांगितलं.

"तुला काय वाटतं?" यांनी विचारलं.

"पहिल्याचं ऐकून बरं वाटलं. हिची भीती वाटते."

"अगं, काही जायचं असेल तर आपल्याला आधी कळवेल कोण?"

"ती," मी म्हणाले, आणि मला रडू आलं.

मी तिलाच जास्त मार्क दिले. मॅनेजरबाईंचंही मत तेच पडलं. ती नेमली गेली.

पुढचे महिने वाईट गेले. व्हॅनला जरा उशीर झाला की वाटायचं, बंद झाली. मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, जस्ट मूव्ह हिअर." यांचे डॉक्टर इथे, घर इथे. मी विषय बदलला. गॅरेजमध्ये यांच्या गाडीत नुसतीच बसून पाहिलं एकदा. चावी फिरवली नाही.

एका दुपारी त्या बाईचा फोन आला. मी आधी खुर्ची ओढून बसले.

"बिल पास झालं, पण बदलून," ती म्हणाली. "उरलेल्या पैशांत हद्दीबाहेर फक्त दवाखान्याच्या फेऱ्या राहतील. तुमच्या मिस्टरांचं डायलिसिस वाचलं. बाकीच्या फेऱ्या मला सोडाव्या लागल्या. हे दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगावं असं वाटलं."

मी थँक यू म्हटलं. बाकीच्या फेऱ्या म्हणजे माझ्या फेऱ्या होत्या: भाजी, देऊळ, समितीच्या बैठका.

हे हॉलमधून विचारत होते, "काय झालं? अगं, काय म्हणाली?"

"तुमची व्हॅन राहिली," मी म्हणाले.

"आणि तुझी?"

मी उठून त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि तेही सांगितलं. त्यांनी चाचपडत माझा हात धरला. आता शेजारच्या काकू शनिवारी मला दुकानात नेतात. पुढच्या वर्षी विधिमंडळ पुन्हा भरेल, आणि दवाखान्याच्या फेऱ्याही कायद्याने द्याव्या लागत नाहीतच.