खडूचा बाण

मुरबाडच्या वखारीत प्लायवूडची फळी कापून मिळायची होती, तोवर मी यादीवर खुणा करत बसले होते. लाकडाच्या कडा कोरणारं राउटर मशीन खालून उलटं बसवायला घरीच टेबल करायचं होतं. बाकावर शेजारी एक म्हातारे सुतार होते, उजवा हात टॉवेलात गुंडाळलेला.

"ताई, यादी तर लगीनघराची केलीय," ते हसले. मग यादीवरचं 'राउटर टेबल' वाचून म्हणाले, "पात्यावर लाकूड कुठून सारणार?"

"डावीकडून."

त्यांचं हसू गेलं. "नाय. तसं केलं तर पातं लाकूड खेचून घेतं, आन् लाकडावरचा हातबी." त्यांनी टॉवेल सोडला. हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच होतं.

माझी फळी आली. त्यांनी डाव्या हातानं तिच्यावर खडूचा बाण काढला, उजवीकडून डावीकडे. "हा बघूनच सारा. आमाला कुणी काढून दिला नाय."

त्याच फळीचं टेबल झालं. बाण पुसट झाला की मी पुन्हा गिरवते. तरी बटण दाबताना दरवेळी भीती वाटते. ज्या दिवशी ती वाटणार नाही, त्या दिवशी मशीन चालू करायचं नाही, असं यादीच्या शेवटी लिहून ठेवलंय.