दिवा, दोन आरसे आणि एक पैलवान

बी.एस्सी.ला असताना मी आणि माझा एक मित्र दापोडीहून पुण्याला कॉलेजात जायचो, पण दाढीला मात्र रेल्वे फाटकाजवळच्या सलूनातच. सलूनवाल्या काकांनी एकदा जुन्या बाजारातून दुसरा आरसा आणला आणि पहिल्याच्या बरोब्बर समोर टांगला. मधे विजेचा दिवा. आरशात दिव्यांची रांगच लागली.

“एका दिव्यात शंभर दिवे!” काका येईल त्याला सांगायचे. “उजेड शंभरपट.”

वस्तरा माझ्या गळ्याशी असताना मला शहाणपण सुचलं. “काका, शंभरपट कुठला? दर फेरीला आरसा थोडा उजेड खातो.”

वस्तरा तिथंच थांबला. “आरसा खातो? दाखवा की मग!”

मित्र याचीच वाट बघत होता. त्याने समोरासमोरच्या बाकांवर एकेक गिऱ्हाईक बसवलं. “हे दोन आरसे. काका, तुम्ही दिवा. पाणी म्हणजे उजेड. तांब्या तुमच्यापुढून गेला की त्यात पेलाभर पाणी ओता. आरशांनी वरून घोट घ्यायचा. तांब्या जड तर घोट मोठा.”

तांब्या इकडून तिकडे फिरू लागला. पाणी चढत गेलं आणि तांब्याच्या गळ्यापाशी अडलं. काका ओतायचे, पण वर काही सरकेना.

“आता तुम्ही ओतता तेवढंच हे दोघं पितात,” मी साबण लागलेल्या तोंडानं म्हणालो. “घोट लहान असते तर आणखी चढलं असतं. पण कुठंतरी थांबणारच.”

तेवढ्यात तालमीतून एक पैलवान घामाघूम होऊन आला. त्याने एका गिऱ्हाइकाच्या हातातला तांब्या घेतला आणि एका दमात रिकामा केला.

“हा बघा पारा उडालेला आरसा!” मित्र ओरडला.

“आरसा कुनाला म्हनतो रं?”

मित्र बाकाखाली. काका मात्र पोट धरून हसत होते. मग उठून ते जुन्या बाजारातल्या आरशासमोर उभे राहिले आणि त्यावरचे काळे डाग बोटानं चाचपत म्हणाले, “म्हंजे खरा पैलवान हितं टांगलाय व्हय!”

दुसऱ्याच दिवशी त्यांनी तो आरसा पारा चढवायला पुण्याला धाडला. परत आला तेव्हा रांग कितीतरी आत गेली, शेवटचे दिवे हिरवट, मिणमिणते. पैलवान खुर्चीत बसला आणि त्याने दंड फुगवला. आरशातल्या रांगेतल्या सगळ्या पैलवानांनी फुगवले. मग तो उठेचना.

“उठा की राव, गिऱ्हाईक खोळंबलंय,” काका म्हणाले.

“थांब जरा,” तो आरशात डोळे बारीक करून म्हणाला. “त्यो पार मागचा दंड फुगवतोय का न्हाई, दिसंना.”