पोटासकट वाळवलेले बोंबील

ताईच्या बॅगेत जेवढं सामान मावलं नाही, तेवढे किस्से आमच्या घरात साठले. मी फारशी बोलत नाही, म्हणून लिहून ठेवतेय.

ताईला ऑस्ट्रेलियात नर्सची नोकरी लागली. तिकडे कायमचं राहायचं. तिने नियम वाचून दाखवला : खायचं जे नेणार, ते विमानतळावर फॉर्ममध्ये लिहायचं. लपवलं तर दंड, व्हिसासुद्धा जाऊ शकतो!

शेजारच्या काकींनी विचारलं, "नि पोटातून नेलेलं?"

मग आठवडाभर ताई दोन्ही वेळा पोटभर जेवली.

*

आईने वाल बांधले. ताई म्हणाली, "उगवेल असं बी नको म्हणतात."

"त्यांना सांग, आमची पोर घरात चा करत नाय, शेती कुठून करंल!"

*

खरी अडचण बोंबलांची. बाबांनी बोटीवरून आणलेले ते शेवटचे. आईने नेहमीसारखे एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून, जोडी-जोडीने बांबूवर वाळत घातले. ते वाळायच्या आधीच बाबा गेले.

ताईने साइटवर वाचलं, मासळी पोट साफ केलेली हवी. आमच्याकडे बोंबील पोटासकट वाळवतात.

आई विळीवर साफ करायला बसली. पहिल्याचा भुगा झाला. दुसऱ्याचाही.

"तू नर्स हायस ना? तूच कर आपरेशन!"

ताईने कात्री घेतली. तिसराही मोडला. "पेशंट गेला," ती हसत म्हणाली. मग कुणीच हसलं नाही.

*

उरलेले आईने तीन पिशव्यांत गुंडाळून साड्यांखाली ठेवले. "सायबाला सांग, माज्या बापाचे हायत."

निघायच्या सकाळी ताईने पिशवी काढून माझ्या हातात दिली. "कुठेतरी ठेव. आईला सांगू नकोस." फॉर्मवर ते लिहायचा धीर तिला झाला नाही. मी पिशवी तांदळाच्या डब्यात, अगदी तळाशी खुपसली.

*

चौथ्या दिवशी ताईचा व्हिडिओ कॉल आला. आई चुलीजवळ होती. तिने मोबाईल माझ्याकडे दिला. "माजं तोंड दाव फक्त. चूल नको."

मग तिने विचारलं, "बोंबील केलेस?"

"आजच केले, आई. मस्त झाले."

"सायब काय बोलला?"

"काही नाही. बघितले नि म्हणाला, घेऊन जा."

"देव त्याचं भलं करो."

कॉल संपला. आईने चुलीवरचं भांडं उतरवलं. माझ्या ताटात भात वाढला, वर दोन बोंबील, जोडीने.

"जेव," ती म्हणाली. "तुज्या ताईनं पण आज तेच केलंय."