सतरा पोरं आणि एक अंडं

शेरडं रानातनं आली की त्यांच्या अंगाला कुसळं चिकटलेली असतात. कुठं चिकटली, कवा चिकटली, शेरडाला बी ठाऊक नसतं. पोरांच्या सहलीचे किस्से तसेच. आपण नुसतं बरोबर जायचं. घरी येऊन अंग झटकलं की पडायला लागतात.

मी शाळेत कधी गेलो न्हाई, पण शाळेच्या सहलीला गेलो! पानशेतच्या वरच्या अंगाला आमची वस्ती. तिथल्या शाळेच्या बाईंनी सतरा बारक्या पोरांना पुण्यातलं पोरांचं म्युझियम दाखवायचं ठरवलं. हेडसर म्हणाले, "एक वस्तू मोडली नाहीतर हरवली, तर हीच शेवटची सहल. तिथल्या मॅडमकडून 'तक्रार नाही' असं लिहून आणा."

बाई घाबरल्या, माझ्याकडं आल्या. "बाबा, तुमचं एकही शेरडू कधी हरवलं नाही म्हणतात. तुम्ही चला."

*

म्युझियमच्या दारात म्या काठी आडवी धरली अन् एकेक पोर मोजून आत सोडलं. सतरा.

आत एक कापडी बोगदा. पोरं हिकडनं शिरायची, तिकडनं निघायची. मी तिकडच्या तोंडाला मोजत बसलो. सतरा... अठरा... बावीस!

"बाई, पाच वाढली."

"अहो बाबा, तीच तीच पोरं फिरून शिरतायत!"

"असू द्या. घटली न्हाईत ना?"

*

पुढं खोटा दवाखाना. पलंग, सुया, कानात घालायची नळी. पोरांनी मलाच आडवं केलं. आता आमच्या वस्तीवर येणारा डॉक्टर एकच, तो जनावरांचा! बंड्यानं माझा ओठ वर करून दात बघितले. "लई म्हातारं झालंय." दुसऱ्यानं पाय उचलला. "खुरात बी हाय कायतरी."

म्युझियमच्या मॅडमनी हसत विचारलं, "काय झालंय आजोबांना, डॉक्टर?"

"लाळ्या-खुरकूत! कळपातनं बाजूला बांधा!"

अन् बांधलंच की! त्याच नळीनं, पलंगाच्या पायाला. बाई सोडवायला येईस्तवर म्या एक डुलकी काढली.

*

मग प्लास्टिकची गाय. सड ओढला की पाणी येतं. शहरातली पोरं रांगेत. आमची ठकी, माझी नात, तिचा नंबर आला तर मागंच सरली.

"हिचं वासरू कुठाय?"

"वासरू नाहीये, बाळा. तू ओढ ना."

"वासरू लावल्याबिगर पान्हा कशी सोडंल?"

अडली ती अडलीच. शेवटी बंड्या रांगत गाईखाली शिरला अन् डोक्यानं अशा ढुशा दिल्या, की आतली नळीच निसटली. धो धो पाणी!

"बंद करा, बंद करा!" मॅडम ओरडल्या.

ठकी म्हणाली, "आत्ता कुठं पान्हा सोडलाय. बादली आणा!"

बाईंचं तोंड पांढरं पडलं. म्या नळी जागेवर बसवली, वरनं चिंधी आवळली. मॅडम म्हणाल्या, "राहू द्या बाई, काही मोडलं नाही." तवा कुठं बाईंनी श्वास सोडला.

*

निघताना मॅडमनी कागद घेतला, पेन उघडलं अन् थांबल्या. कोपऱ्यातल्या घरट्यात तीन अंडी मांडलेली होती, मोठ्या पेरूएवढी. फार जुन्या काळच्या, सरड्याच्या भावकीतल्या जनावराची म्हणं. असली न्हवं, प्लास्टरची. आता दोनच होती!

पिशव्या झाडल्या, खिसे उलटे केले. ठकीचं पोट दुखत होतं, ती पोट धरून वाकली होती, म्हणून तिला म्या आधीच टेम्पोत निजवली होती. अंडं काय सापडलं न्हाई. कागद कोराच राहिला.

दुसऱ्या दिवशी आमची उबवायला बसलेली खुडूक कोंबडी पाणी प्यायला उठली, अन् टोपलीत तेच अंडं!

"ठके!"

"तिथं त्याच्यावर कुणीच बसत नव्हतं, आजा."

म्या बाईंना बोलावलं. त्यांनी लगोलग मॅडमना फोन लावला, माफी मागितली. मॅडम म्हणाल्या, पाठवून द्या. ठकी टोपलीपुढं बसून राहिली. "एकवीस दिस झाल्याबिगर न्हाई द्यायचं!"

म्या फोन घेतला. "मॅडम, तेवढं थांबा. मधीच उठवलं तर कोंबडीचा बी जीव खट्टू होतो."

मॅडम म्हणाल्या, "एकविसाव्या दिवशी मीच येते. कागदाचं तेव्हाच बघू."

एकविसाव्या दिवशी सकाळी मला शेरडं सोडायला उशीर झाला. बांधावर जरा काम होतं.

मॅडम आल्या. हेडसर कागद घेऊन हजर. बाईंचे डोळे त्या कागदावर. कोंबडी दाणं टिपायला उठली होती. ठकीनं टोपलीवरचं फडकं काढलं. अंडं तसंच, गुळगुळीत. अन् शेजारी बोटभर सरडा, मान हालवत बसलेला!

ठकीनं अंडं उचललं, मॅडमच्या हातात दिलं. "टरफल घिऊन जावा. पिल्लू आमचं."

मॅडमनी अंड्याकडं बघितलं, सरड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी शेरडाच्या अंगावरची कुसळं काढत होतो.

मॅडमनी कागद मांडीवर घेऊन लिहिलं. बाईंनी हेडसरांना मोठ्यानं वाचून दाखवलं:

"टरफल मिळालं. तक्रार नाही."