ताप उतरला आणि मी निश्चिंत झाले

१. सोमवार ते बुधवार: माझ्या चार वर्षांच्या ईराला १०२-१०३ ताप.
२. आज सकाळी सात वाजता: ९८.४. दुपारी लॉग इन करते, असं मी ऑफिसला कळवलं.
३. साडेदहा वाजता: ईरा निपचित, हातपाय गार.
४. साडेअकरा वाजता: इथल्या नुंगंबाक्कम भागातल्या हॉस्पिटलमध्ये दाखल. डेंग्यू.

चूक वरच्या क्रमांक दोन आणि तीनच्या मध्ये आहे. तीन दिवस मी दर दोन तासांनी ताप फोनवरच्या शीटमध्ये भरत होते. आज आलेख खाली आला, ईरा झोपली होती, आणि मी तिला झोपू दिलं.

साडेदहाला शेजारच्या सेल्वी अक्का रसम घेऊन आल्या. त्यांनी ईराच्या पायांना हात लावला.

"सकाळपासून शू केली का हिने, मा?"

मी फोन उघडला.

"फोनला काय विचारतेस? पोरगी तुझी आहे."

शीटमध्ये तो रकानाच नव्हता. आठवून पाहिलं. काल रात्रीपासून एकदाही नाही.

डॉक्टर म्हणाल्या, डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच जास्त धोक्याचे असतात. मला हे माहीत नव्हतं. सलाईन चालू आहे. मी एका हाताने लिहितेय, दुसरा तिच्या पायावर आहे. पाय अजून पुरते गरम झालेले नाहीत.

या ग्रुपवर ज्यांच्या मुलांना डेंग्यू होऊन गेला आहे, त्यांना विचारते: ताप उतरल्यावर घरी तुम्ही कशाकशावर लक्ष ठेवलंत? डॉक्टरांना विचारेनच, पण तुमच्याकडूनही हवं आहे. ती घरी येईल तेव्हा ते रकाने तयार असायला हवेत. कृपया शनिवार सकाळपर्यंत लिहा.