कुठे नाही, चालायला

मंजिरीताईंकडे माझं पहिल्यांदा नीट लक्ष गेलं ते एका बुधवारी, संध्याकाळी सहाच्या सुमारास. मी रीसायकलिंगचा डबा बाहेर ठेवत होते. पायांत बागकामाचे रबरी बूट, अंगात डाग पडलेलं कार्डिगन. समोरच्या रेडवेवरून त्या येत होत्या. रेडवे म्हणजे इंग्लंडातल्या आमच्या मिल्टन कीन्समधली पायी जाणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची लाल वाट. गाड्यांचे रस्ते वेगळे, आणि गाव जवळजवळ सगळं गाडीत बसलेलं, त्यामुळे या वाटेवर दिसतात ती कुत्री, कुत्र्यांची माणसं आणि घामाघूम धावणारे. मंजिरीताईंनी गर्द निळी सिल्कची साडी नेसली होती. वर बदामी कोट, गळ्यात मोत्यांचा सर, ओठांना लिपस्टिक. चाल इतकी सावकाश, की मागचा सायकलवाला दोनदा घंटी वाजवून शेवटी गवतातून पुढे गेला.

“फंक्शन कुठे आहे?” मी विचारलं.

“कुठे नाही. चालायला निघालेय.”

“हे घालून?”

त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं. “मग काय, ते घालून?”

चार घरं सोडून राहणाऱ्या या बाईंना मी बरीच वर्षं ओळखत होते, पण अलीकडे ती ओळख एका करड्या, लोकरीसारख्या जाकिटापुरतीच, फ्लीसपुरतीच, उरली होती. तो फ्लीस त्यांच्या यजमानांचा. जयंतराव इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, मंजिरीताई तिथल्याच फार्मसीत. जयंतराव गेले आणि मंजिरीताई त्यांच्या फ्लीसमध्ये शिरल्या, त्या काही बाहेर येईनात. जेवण सिंकपाशी उभ्यानं. केससुद्धा घरच्या घरी, भाजी कापायच्या कात्रीनं. एकदा ती कात्री डाव्या बाजूला जरा जास्तच चालली, आणि त्या नाइलाजानं शेजारच्या बेडफर्डमधल्या एका सलूनमध्ये गेल्या.

ते सलून रोसान्नाचं. बेडफर्डमध्ये इटालियन माणसं पुष्कळ, त्यांचे आईवडील विटांच्या कारखान्यात कामाला आले होते. रोसान्नाचा जन्म तिथलाच, इंग्रजी अस्सल बेडफर्डचं, पण मतं सगळी इटलीची. तिनं मंजिरीताईंना आरशासमोर बसवलं, फ्लीसकडे पाहिलं आणि विचारलं, “कोण गेलं?”

“माझे मिस्टर.”

“अरेरे. कधी?”

“तीन वर्षं झाली.”

“मग आता हे काढ,” रोसान्ना म्हणाली. “त्याला थंडी वाजत नाहीये.”

मंजिरीताई हा प्रसंग सांगताना अजून हसतात. त्या दिवशी मात्र त्या खुर्चीत बसून रडल्या, आणि रोसान्नानं त्या रडतायत तोवर त्यांचे केस कापून घेतले, कारण तेव्हा मान स्थिर होती.

त्यानंतर दर भेटीत रोसान्नाची एकेक गोष्ट त्या घरी आणत गेल्या. जेवायचं ते टेबलाशी बसून, ताटाखाली कापड घालून, एकटं असलं तरी. ऑलिव्ह ऑइल टोमॅटोवर आणि तेच टाचांना. अत्तराचा एकच थेंब, दुसरा थेंब शेजाऱ्यांसाठी असतो आणि त्यांनी तो मागितलेला नसतो. ओल्या केसांनी दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही, वारा लागतो. “हे तर आमच्या सातारच्या आत्याचंच शास्त्र,” मंजिरीताई म्हणाल्या, “फक्त आत्या लिपस्टिक लावत नव्हती.” आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे संध्याकाळी चांगले कपडे घालून सावकाश चालायचं. हा व्यायाम नव्हे. कोण कोण जिवंत आहे ते बघायचं आणि आपण जिवंत आहोत ते त्यांना दिसू द्यायचं.

“तब्येतीसाठी चालता ना पण?” मी विचारलं. कारण हळूहळू मीही, बूट बदलून, त्यांच्याबरोबर जाऊ लागले होते.

“तब्येतीसाठी चालायचं तर तोंड वाकडं करून चालावं लागतं, बाई. धावणाऱ्यांची तोंडं बघा.”

आता, मराठी माणूस विनाकारण सिल्क नेसत नाही. त्यामुळे आमच्या मराठी मंडळाच्या सुलक्षणानं गाडीतून जाताना मंजिरीताईंना त्या वेषात पाहिलं तेव्हा तिनं एकच निष्कर्ष काढला. कुठेतरी फंक्शन आहे आणि आपल्याला बोलावलेलं नाही. तिनं मंडळातल्याच निवेदिताला फोन केला, “तुमच्या उर्वीचं ठरलं म्हणे? आम्हाला परकं केलंत!” निवेदितानं घाबरून मुलीला, उर्वीला, फोन केला. उर्वी तेव्हा कामाच्या मीटिंगमध्ये होती आणि तिचं कोणाशीच काही ठरलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात सुलक्षणाला मंजिरीताई पुन्हा दिसल्या, वेगळी साडी. मग पुन्हा. मंडळात चौकशी झाली. कोणाकडेच काही नव्हतं. बारसं नाही, साखरपुडा नाही, साधी सत्यनारायणाची पूजासुद्धा नाही. बाई रोज नटून निघते आणि फंक्शन तर नाहीच. तेव्हा सुलक्षणानं अगदी मनापासून काळजी वाटून ब्रिस्टलला नकुलला फोन केला.

नकुल मंजिरीताईंचा एकुलता एक मुलगा, विमानांच्या कंपनीत इंजिनिअर. आईनं हे घर विकावं आणि आपल्या घरामागच्या वेगळ्या खोलीत, अनेक्समध्ये, राहायला यावं, हे तो दोन वर्षं सांगत होता. आई दोन वर्षं ‘बघू’ म्हणत होती. आता त्याला कारण मिळालं. आदल्या दिवशी फोन करून शनिवारी दुपारी तो आणि त्याची बायको तनू येऊन थडकले. सोमवारी घर बघायला इस्टेट एजंट येणार, हेही त्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं.

मी तिथंच चहाला बसले होते. नकुलनं आईचा हात हातात घेतला.

“आई, मी टेस्ट नाही करत हां. जस्ट सांग, आज कुठला वार आहे?”

“शनिवार. म्हणून तर तू दिसतोयस.”

“ओके. गुड. आणि प्राइम मिनिस्टर कोण आहे?”

“आज सकाळच्या बातम्या ऐकल्या नाहीत. कालपर्यंतचा सांगितला तर चालेल?”

तनू खोकल्यासारखं करत किचनमध्ये गेली.

“आई, हे फनी नाहीये. तू एकटी आहेस. तुला काय झालं तर कोणाला कळणार?”

मंजिरीताईंचा चेहरा उतरला. त्यांना त्या घरातून हलायचं नव्हतं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. “सहा वाजतायत. मी चालायला जाते. यायचं तर ये. पण ही पँट घालून नाही.”

नकुल ट्रॅकपँटमध्ये होता. त्याला जयंतरावांच्या कपाटातला एक पांढरा शर्ट मिळाला. मंजिरीताईंनी तो इस्त्री करून दिला आणि बटणं लावेपर्यंत समोर उभ्या राहिल्या.

आम्ही चौघं निघालो. नकुलच्या मनगटावरचं घड्याळ थोड्या थोड्या वेळानं त्याला विचारत होतं, की तुझा व्यायाम संपला का? दुकानांच्या चौकाशी सुलक्षणा दुधाचा कॅन घेऊन गाडीकडे निघालेली. आम्हाला पाहून थबकली. चौघं, इस्त्रीचे कपडे, मुलगा ब्रिस्टलहून आलेला!

“बघा! म्हणजे आज आहेच,” ती म्हणाली. “मंजिरीताई, आता तरी सांगा, कोणाकडे?”

“गाडी लॉक कर आणि चल, दाखवते.”

सुलक्षणा दुधासकट आमच्यामागून आली.

फिश अँड चिप्सच्या दुकानातून मालक एप्रनला हात पुसत बाहेर आला. “कुठे होतात काल?” त्यानं मंजिरीताईंना इंग्रजीत विचारलं. आवाजात चक्क राग होता. “सव्वासहापर्यंत वाट पाहिली. मग बायकोला तुमच्या घराकडे पाठवलं. किचनमध्ये तुम्ही लाडू वळताना दिसलात, म्हणून ती परत आली.”

“मुलगा यायचा होता ना,” मंजिरीताई म्हणाल्या.

“हा का तो? मग फोन करून सांगायचं. आम्हाला काय कळणार?”

पुढे केमिस्टच्या दुकानातल्या मुलीनंही काच वाजवून तेच विचारलं, आणि एका म्हाताऱ्या पोलिश बाईनं, कुत्र्याला आवरत, बरंच रागावून. परतताना तनूनं नकुलला हळूच विचारलं, “ब्रिस्टलला आपल्या डावीकडच्या घरातल्या माणसाचं नाव काय रे?”

“व्हाइट व्हॅनवाला?”

“नाव.”

नकुलनं थोडा विचार केला. मग बाजूला जाऊन एजंटला फोन केला आणि सोमवारी येऊ नका म्हणून निरोप ठेवला. आईकडे येऊन एवढंच म्हणाला, “तू इथेच राहा. पण ज्या दिवशी चालायला नाही जाणार, त्या दिवशी मला पण सांग.”

“फंक्शन मात्र कुठेच नाही,” सुलक्षणा खिन्नपणे म्हणाली. दूध एव्हाना कोमट झालं होतं.

मंजिरीताईंनी सत्तरी ओलांडली आहे. त्या त्याच घरात एकट्या राहतात. गेल्या महिन्यात त्यांनी गाडी विकली, आता रोसान्नाकडे केस कापायला त्या बसनं जातात.